तक्रार कोणी करंना

गावाला सांगून सांगून माझं तोंड दुखलं, की बाबांनो, आमच्या माणसाची तक्रार करा. एकानं केली न्हाई. तुमी म्हणसाल, ही बाई येडी झाली. नवऱ्याची तक्रार करा म्हणून दारोदार फिरणारी बायको कोणी पाहिली का? मी हाय ती. मदीनाबी. सेनगावच्या अंगाला आमचं गाव, आन् गावाच्या नळाला जे पाणी येतं ते माझा नवरा लतीफ सोडतो.

पहिले आमचं बरं होतं. यांचा टँकर होता. उन्हाळ्यात गावोगाव पाणी न्यायचं, पावसाळ्यात टँकर उभा करून आरामात झोपायचं. मग नवी योजना आली. टाकी झाली, घरोघर नळ झाले, नळाला मीटर बसले. वरून हुकूम आला की ग्रामपंचायतीनं आता पाणी असंच चालवायचं न्हाई, ठेका काढायचा, दर ठरवायचा, धंद्यासारखं बराबर चालवायचं. नांदेडची एक कंपनी बघायला आली. साहेबानं विहिरीत वाकून पाहिलं, मे महिन्यात किती पाणी ऱ्हातं विचारलं, चहा पिला आन् गेला तो गेलाच. मग सगळं गाव यांच्याकडं पाहायला लागलं. हे भोळे सांब. "गावाचं काम हाय मदीना," म्हणले आन् पाच सालाच्या करारावर सही ठोकून आले. वाचला का, म्हणलं. "सरपंचानं वाचला ना," म्हणले. घ्या!

तो करार म्हणजे उंदराचा पिंजरा. आत जायला दार, बाहेर यायला न्हाई. दर वाढवायचा तर ग्रामसभेनं हात वर करायचे. सोताचंच बिल वाढवायला कोण हात वर करतो? दोन दिवस नळ कोरडा राहिला की दंड. दुसऱ्याला काम लावून देता येत न्हाई. मोटर चालवणारा परीक्षा पास झालेलाच पाहिजे, आन् गावात पास झालेले हे एकटेच. आमचा पोरगा फरदीन पुण्यात गाडी चालवतो, पण त्याला मोटर आन् मिक्सर सारखाच. मधीच सोडून पळावं, तर अनामत बुडाली आन् वरून नुकसानभरपाई डोक्यावर. सुटायचे रस्ते दोनच. दुसऱ्या कोणी ठेका घ्यावा, न्हाई तर गावानं तक्रार करून आमाला हाकलून द्यावं.

तरी मी गप होते. लगनाला जायचं न्हाई, मयतीला गेलं तरी मोटरीच्या टायमाला परत. माझ्या बहिणीच्या पोरीचं लगन होतं वारंगा फाट्याला. बिर्याणीच्या डेगचं झाकण उघडायच्या आधी हे चप्पल शोधायला लागले. जाऊ द्या, म्हणलं, आपलं नसीब.

मग हजचा नंबर लागला.

किती सालापासून आमी अर्ज भरून राहिलो होतो. माझा भाऊ-भावजय आन् आमी दोघं, चौघांचा मिळून एक अर्ज. भावाचा फोन आला आन् मी चुलीपुढंच रडायला लागले. हे बी रडले असते, पण यांनी पहिले तारीख विचारली. ऐन मे महिना. चाळीस दिवस. "मे मधी तर विहिरीचा तळ दिसतो," म्हणले. दुनिया अशा टायमाला अल्लाचं नाव घेती, आमच्या माणसानं विहिरीचं घेतलं.

मी यांना घेऊन सरपंचाकडं गेले. सरपंच प्रेमानंद, बौद्धवाड्यातलं पोरगं, शिकलेलं, चांगलं. लहानपणी माझ्या हातची खीर खाल्लेलं. तो म्हणाला, "चाची, चाचांना सुट्टी द्यायची तर करारात सुट्टीच न्हाई. पण ग्रामसभेत गावानं तक्रार मांडली, आन् ती दूर झाली न्हाई, तर करार मोडता येतो. अनामत बी परत."

"मंग काय मोठी गोष्ट हाय," मी म्हणलं. "या गावाला तक्रार करायला शिकवावं लागतं का?"

पण माशी शिंकली ती आमच्याच घरात. हजला जाणाऱ्यानं निघायच्या आधी घरोघर जाऊन माफी मागायची असती. कोणाला बोललं-चाललं, कोणाचं मन दुखवलं, सगळ्यांकडून माफ करून घ्यायचं. माफीबिगर आन् कर्ज डोक्यावर ठेवून हज होत न्हाई. मी म्हणलं, पहिले ग्रामसभा होऊ द्या, माफी नंतर मागू. हे ऐकतील तर शप्पथ! "आज मेलो तर?" म्हणले, आन् धुतलेली टोपी घालून निघाले. मी मागं मागं.

पहिलं घर अनुसयाबाईचं. मला तिचीच आशा होती. शेजारीण हाय, जीभ अशी की कात्री लाजावी. नळ जरा उशिरा आला की यांच्या सात पिढ्या काढायची. हे उंबऱ्याशी उभे राहिले, हात जोडले. "अनुसयाबाई, बोललं-चाललं माफ करा."

बाईच्या डोळ्यातून पाणी! "माफ हो भाऊ, सगळं माफ. तिथं गेल्यावर आमच्या गावासाठी पाऊस मागा." आतून साखर आणून यांच्या हातावर ठेवली.

मी तिला बाजूला ओढलं. "अगं, माफी राहू दे. तू परवा यांना काय काय बोलली होतीस? तेच ग्रामसभेत बोल ना माय."

"आता कशी बोलू?" ती म्हणली. "माफ केलं ना! माफ करून तक्रार केली तर जिभेला किडे पडतील माझ्या. ते बी हजला जाणाऱ्या माणसाची?"

घरोघर हेच. पाटलाच्या घरी माफ, बौद्धवाड्यात माफ, तांड्यावर तर धर्मसिंगनं यांना मिठीच मारली. सगळं गाव माफ करत सुटलं होतं. घरी येऊन मी कपाळ बडवून घेतलं. म्हणलं, "चार दिवस मोटरच लावू नका. मग बघते, कोण तक्रार करत न्हाई ते." सकाळी हातरुणात हात फिरवला तर जागा रिकामी. मोटर लावायला गेले होते. "शाळेत लेकरं तहानलेली बसतील," म्हणले, "आन् मी हजला नेसायचं एहरामचं कापड घेत फिरू?"

अशा माणसाला काय करावं, सांगा.

ग्रामसभा शाळेपुढं भरली. प्रेमानंदनं विचारलं, "पाण्याच्या ठेक्याबद्दल कोणाची तक्रार हाय का?" एक हात वर झाला न्हाई. मग धर्मसिंग उठला. म्हणलं, झालं एकदाचं काम. तो म्हणाला, "लतीफभाईनं ठेका घेतल्यापासून तांड्यावर पहिल्यांदा नळाला पाणी आलं," आन् पिशवीतून शाल काढली. सत्कार! टाळ्या! अनुसयाबाई तर दोन्ही हात वर करून वाजवत होती. शाल घेऊन हे बसलेले असे दिसत होते, जसा बैलपोळ्याचा बैल. सजवलाय, पण दावं सोडंना कोणी.

माझं डोकं फिरलं. उठले. "माझी तक्रार हाय," मी म्हणलं.

हशा झाला. "हसू नका," मी म्हणलं. "नळ माझ्या नावावर हाय, मी बी गिऱ्हाईक हाय. आमचं घर पार चढावर. पाणी आमच्यापर्यंत येईस्तोवर संपतं. दोन साल झाले, मी हापशावरून डोक्यावर पाणी आणते. गावाला विचारा, खरं का खोटं." खरंच होतं ते. पाणीवाल्याच्या घरी पाणी न्हाई. हे म्हणायचे, आपला नळ पहिले नीट केला तर गाव काय म्हणंल. यांनी माझ्याकडं पाहिलं, आन् मग खाली पाहिलं.

प्रेमानंदनं तक्रार लिहून घेतली. दुरुस्तीला सात दिवस. न्हाई झाली तर करार रद्द. मी मनातल्या मनात नाचले. सात दिवस हात लावायचा न्हाई, बस्स!

दुसऱ्या दिवशी दारात गलका. बाहेर येऊन पाहते तर अर्धं गाव कुदळी-फावडे घेऊन उभं. तांड्यावरचे पोरं, बौद्धवाड्यातले पोरं, आमच्या मोहल्ल्यातले बी. बौद्धवाड्यातला रत्नपाल तर सेनगावहून पाइप घेऊन आलेला. दिवसभर खणत होते. दिवे लागायच्या टायमाला माझ्या नळाला धार आली. अशी जोरात, की माझी बादली पार कलंडली.

"झाली का न्हाई तक्रार दूर?" अनुसयाबाई कमरेवर हात ठेवून म्हणली.

"माफी फुकट मिळती गं," मी म्हणलं, "म्हणून वाटून राहिले सगळे." तिनं तोंड फिरवलं. मी प्रेमानंदला धरलं. "तू तरी खरं बोल. काहून केलं हे?"

तो म्हणाला, "चाची, मे मधी चाचा गेले तर हे गाव घागरी घेऊन माझ्या दारात बसंल. दुसरा ठेकेदार आणू कुठून? चाचा चांगले हायेत, हाच आमचा इलाज हाय." मग त्यानं बी हात जोडले. "मला माफ करा."

मी त्याला माफ केलं न्हाई. नळ बंद केला, दार लावलं, आन् आत बसून खूप रडले.

यांनी आपलं नाव अर्जातून काढलं. मी म्हणलं, मग मी बी जात न्हाई. हे चिडले, आयुष्यात पहिल्यांदा. "एका मोटरीपायी दोघांची हज बुडवायची का? भाऊ सोबत हाय तुझा. माझ्या वाटची दुवा मागून ये." मला जायचं बी होतं, हे खोटं काहून बोलू. यांना सोडून जायचं नव्हतं, हे बी खरं.

निघायच्या दिवशी जीप दारात आली. सगळं गाव जमलेलं. बाया गळ्यात पडत होत्या. माफ, माफ, माफ. भाऊ हिंगोलीला टेसनवर वाट पाहत होता. एक पाय जीपमधी टाकला आन् आठवलं, एक उंबरा राहिला. आमचाच. उतरले. यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. "जलमभर तुमाला टाकून बोलले. माझं बोललं-चाललं माफ करा."

हे मोटरीच्या पेटीची चावी खिशात चाचपत होते. म्हणले, "न्हाई करत."

"काहून?" मी म्हणलं.

"तक्रार हाय माझी," हे म्हणले. "मला बी यायचं होतं, मदीना." हसायला गेले आन् आवाजच फुटला. भर गावापुढं, टोपी तोंडावर दाबून माझा माणूस रडला.

गावात एकच खरी तक्रार निघाली, आन् ती घ्यायला कोणी पुढं आलं न्हाई. अनुसयाबाईनं पदर तोंडाला लावला. प्रेमानंद चपलेनं माती उकरत होता. मग यांनी डोळे पुसले, मला जीपमधी बसवलं, पिशवी मांडीवर ठेवली. मोटरीचा टाइम झाला होता. जीप हलायच्या आधीच हे विहिरीच्या वाटेला लागले.