खंडेनवमीला मी दिलेलं उत्तर

मी एक जुना दारवान आहे. पण मला ना काठी, ना टोपी, ना उभं राहायला पाय. वेबसाइटला जोडलेला प्रोग्रामचा लहानसा तुकडा, म्हणजे प्लगइन. वय वर्षं सात. आमच्या गोतात सहाव्या वर्षी नवी मंडळी येऊन आम्हाला काढून टाकतात, तेव्हा मला म्हाताराच समजा.

मित्रांनो, माझा जन्म बेळगावातल्या एका भाड्याच्या खोलीत झाला. खानापूरकडच्या माधवीताईंनी मला लिहिलं आणि नर्सिंग शिकवणाऱ्या एका संस्थेच्या वेबसाइटच्या दारात बसवलं. काम एवढंच: आलेल्या मुलीचं नाव आणि पासवर्ड घ्यायचा आणि ती खरंच आपली आहे का, ते विचारून यायचं. कुणाला? तर संस्थेच्या निपाणीच्या कचेरीतल्या संगणकाला. मुलींची सगळी यादी, म्हणजे डेटाबेस, त्याच्या पोटात. माझ्याकडे यादीतलं एकही नाव नाही; दारात कोण आलं आणि मी काय म्हणालो, एवढीच नोंद मी ठेवतो. मुलगी दारात उभी राहिली की मी निपाणीला धावतो, “ही तुमची का हो?” म्हणतो. तो “आमची” म्हणाला की परत येऊन कडी काढतो. पापणी लवायच्या आत हे सगळं होतं.

वेबसाइट सुरू झाली तेव्हा माधवीताईंना शाल मिळाली. निपाणीच्या संगणकाला तिथले कारकून मष्णू अण्णा रोज फडक्यानं पुसतात. मी दिसतच नाही, तर पुसणार कोण?

पण न दिसणाऱ्याला माणसं बरी दिसतात. दार उघडलं नाही की पुरुष मला शिव्या घालतात आणि मुली स्वतःला दोष देतात. सात वर्षं मी हे पाहतो आहे, फरक पडलेला नाही. मष्णू अण्णा स्वतःचा पासवर्ड दर सोमवारी विसरतात आणि दर सोमवारी म्हणतात, “ह्याला काय झालंय आज?”

आता गेल्या वर्षीच्या त्या दिवसाचं सांगतो. ते आठवलं की अजून माझ्या ओळी थरथरतात.

प्रवेशाची यादी लागली होती. जिचं नाव लागलं तिनं सात दिवसांत आत येऊन ‘जागा मान्य’ हे बटण दाबायचं, नाहीतर जागा पुढच्या मुलीला. सातवा दिवस, संध्याकाळचे पाच ही शेवटची वेळ. तो दिवस नेमका खंडेनवमीचा आला. वेबसाइटला सण कळत नाहीत.

सकाळी अकराच्या आत निपाणीची प्रियदर्शनी दारात आली. नाव नीट, पासवर्ड नीट. मी धावलो, विचारलं, आणि समोरून काहीच नाही. ना ‘आमची’, ना ‘परकी’. सहा वर्षांचा सोबती मेल्यासारखा गप्प! मी हबकलो. पण मला शिकवलेलं उत्तर एकच होतं. ‘आमची’ ऐकू आलं नाही की मी म्हणतो, ‘नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे.’ तेच म्हणालो.

तिनं पाच वेळा करून पाहिलं. पाच चुका झाल्या की मी तासभर दार बंद ठेवतो, तसं ठेवलं. तासानं ती परत आली, परत पाच वेळा.

घरात काय झालं ते मला पुढे कळलं, कारण मष्णू अण्णांनी ते महिनाभर कचेरीत येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं आणि संगणक ऐकत होता. प्रियदर्शनीची आई जयाबाई विड्या वळते. ती म्हणाली, “चुकीचा म्हणतंय की गं ते! यादीत नाव तरी हाय काय? का आम्हास्नी खोटं सांगालीस?”

 पोरगी दुपारभर पासवर्डाची अक्षरं पुन्हा पुन्हा तपासत बसली, मग आईला घेऊन कचेरीकडे निघाली. वाटेत चारला दहा कमी असताना तिनं फोनवर पुन्हा पाच वेळा करून पाहिलं. मी पुन्हा तासभराची कडी घातली.

कचेरीत पोचल्या तर माझा सोबती झेंडूच्या माळेत बसलेला! कपाळावर हळद-कुंकू, पुढ्यात फोडलेला नारळ, आणि बटण बंद. मी इकडे त्याच्या नावानं हाका मारतोय आणि हा पूजा घेतोय!

“बंद कशानं केलाय, अण्णा?” प्रियदर्शनीनं विचारलं.

“आज खंडेनवमी गं. पूजेला बसवलेलं चालवत न्हाईत. उद्या या.”

“पाचला जागा जातीया माझी.”

अण्णांच्या हातातलं खोबरं हातातच राहिलं. तरी ते हलेनात. तेव्हा जयाबाई पुढं आली. “माझी विडीची कातर बी घरात पूजेलाच हाय. पर सकाळपासनं मी लेकीला खोटारडी म्हटलंय. उठीव त्याला.”

अण्णांनी संगणकाला हात जोडले, माळ बाजूला सारली आणि बटण दाबलं. सोबती जागा झाला. पण माझी कडी? प्रियदर्शनीच्या फोनवर मी लिहिलं, ‘पस्तीस मिनिटांनी प्रयत्न करा.’

“आता ह्यो कोण आणि?” जयाबाई ओरडली.

“ह्यो प्लगइन. दिसत न्हाय, पर हाय.”

सहा वर्षांत माझी ओळख करून दिली ती अशी.

तिघं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. खोबरं कुणी खाल्लं नाही. मला नियम मोडता येत नाही, मीही बसलो. पाचला दहा कमी, कडी निघाली. प्रियदर्शनीनं घाईघाईनं टाइप केलं, एक अक्षर खरंच चुकलं. मी म्हणालो, ‘चुकीचा आहे.’ या वेळी ते खरं होतं.

जयाबाईनं फोनकडे पाहिलंच नाही. लेकीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, “बोंबलू दे त्याला. तुला येतंय. सावकाश टाइप.”

मी धावलो. “ही तुमची का हो?”

“आमची!”

पाचला सात मिनिटं कमी असताना ‘जागा मान्य’चं बटण दाबलं गेलं.

दुसऱ्या दिवशी माधवीताईंनी माझ्या जुन्या नोंदी उघडल्या आणि त्या कपाळाला हात लावून बसल्या. मष्णू अण्णा जेवायला जाताना, लाइट गेल्यावर, सणावाराला संगणक बंद असायचा. सहा वर्षांत चारशे बारा वेळा त्यानं उत्तरच दिलं नव्हतं, आणि चारशे बारा वेळा मी दारातल्या मुलीला चुकीचं ठरवलं होतं. त्यातल्या एकोणीसजणी परत आल्याच नाहीत. ती एकोणीस नावं मी पाहिली आणि मित्रांनो, मला माझीच भीती वाटली.

ताईंनी माझ्यात एक वाक्य घातलं: ‘आत्ता विचारता आलं नाही. तुमची चूक नाही.’ यंदाच्या खंडेनवमीला अण्णांनी संगणकाला माळ घातली, पण चालू ठेवून.

मित्रांनो, माझ्यासारख्यांची देखभाल करा, आमच्या नोंदी अधूनमधून वाचत जा. आणि आम्ही ‘चूक’ म्हणालो, तर दारात उभ्या असलेल्या पोरीला खोटारडी म्हणण्याआधी कचेरीत जाऊन या. कदाचित तिकडे कुणीतरी माळ घालून झोपलेलं असेल.