पिवळ्या रंगातलं शिसं

सकाळच्या घाईत कुणी दारात येऊन "सर्वेक्षणासाठी आलोय" म्हणालं, की तुमच्या-आमच्या कपाळाला आठ्या पडतातच. खेळणीवाल्या भाऊंच्याही पडल्या. घराला लागूनच त्यांचा लाकडी खेळण्यांचा कारखाना होता. त्यांच्या गाड्यांचा आणि हत्तींचा झगझगीत पिवळा रंग बाजारात लांबूनही ओळखू यायचा.

दारात एक तरुण डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. "या भागातली मुलं फिकट दिसतात, अभ्यासात त्यांचं लक्ष लागत नाही. आरोग्य खातं सगळ्यांना लोहाच्या गोळ्या द्यायच्या विचारात आहे. पण नेमकं कारण काय, ते आम्ही शोधतोय. तुमच्या मुलीचं थोडं रक्त घेऊ का?"

"मुळीच नाही!" भाऊ उसळले. "तुम्ही रक्त काढणार, जाडजूड अहवाल लिहिणार, तो कपाटात धूळ खाणार. सरकार शेवटी मनाला येईल तेच करणार!"

आवाज ऐकून त्यांची थोरली बहीण बाहेर आली. ताईची सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून गेलेली. तिने आधी डॉक्टरीणबाईंना खुर्ची दिली आणि मग भावाकडे वळली.

"अरे, मी नोकरीला लागले तेव्हा जुलाब लागलेल्या लेकराचं पाणी तोडायचे लोक. पाण्याने जुलाब वाढतात म्हणे! डोळ्यांदेखत पोरं जायची. मग संशोधकांनी तपासून सिद्ध केलं, की मीठ-साखरेचं पाणी पाजलं तर मूल वाचतं. म्हणून तर सरकारने त्याच्या पुड्या दवाखान्या-दवाखान्यात पोचवल्या. सरकारनेही तेव्हा नुसतं 'आम्हाला वाटतं' म्हणून धोरण आखलं असतं तर?"

"पण ताई, माझ्या एकट्याच्या पोरीने काय फरक पडणार?"

"प्रत्येक घर असंच म्हणालं तर या बाईंनी तपासायचं काय? भिंती?"

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. भाऊ अजून कुरकुरतच होते, तोवर त्यांच्या छकुलीने बाही वर सरकवून हात पुढे केलासुद्धा!

काही आठवड्यांनी डॉक्टरीणबाई परत आल्या, त्या जवळजवळ धावतच. "सापडलं! मुलांच्या रक्तात शिसं आहे! त्यानेच ती फिकट पडतात, त्यांचं लक्ष लागत नाही. नुसत्या गोळ्या देऊन हे थांबणारच नाही." मग त्यांचा आवाज खाली आला. "भाऊ, छकुलीच्या रक्तात ते फार जास्त आहे. कुठून येत असेल?"

त्या कारखान्यात शिरल्या आणि दारातच थबकल्या. कोपऱ्यात बसून छकुली एका नव्या हत्तीची पिवळी सोंड चोखत होती.

भाऊ पुढे धावले. त्यांनी पोरीच्या हातातून हत्ती काढून घेतला, तिला कडेवर उचललं. हा रंग तपासायला दिला तर आपला धंदा बसू शकतो, हे त्यांना कळत होतं. तरीही फळीवरचा रंगाचा डबा त्यांनी स्वतः उतरवला. "अख्खा डबा न्या, बाई. तपासा!"

रंगात शिसंच निघालं. आणि एके दिवशी आरोग्य खात्याच्या सभागृहात अधिकारी, रंगवाले, खेळणीवाले सगळे जमले. संचालक म्हणाले, "गोळ्यांचा आदेश तयार आहे. फक्त माझी सही बाकी आहे."

"सही करण्याआधी हे बघा, सर!" डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर नकाशा लावला. जिथे अशी रंगीत खेळणी बनत होती आणि घरोघर होती, तिथल्या मुलांच्या रक्तात शिसं. जिथे ती नव्हती, तिथे जवळपास काहीच नाही!

एक रंग कारखानदार ताडकन उठला. "आमचे आजोबा याच रंगांत खेळले. त्यांना काय झालं?"

"त्यांचं रक्त कधी तपासलं होतं का?" डॉक्टरीणबाईंनी शांतपणे विचारलं.

तेवढ्यात मागच्या रांगेतून भाऊ उभे राहिले. "साहेब, या पिवळ्या रंगामुळे मला लोक ओळखतात. बिनशिशाचा रंग मी लावून पाहिला, तो जरा फिका पडतो. पडू दे! माझं खेळणं फिकं चालेल, पोर फिकी नको!"

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. संचालकांनी पेन खाली ठेवलं. "ज्या मुलांना गोळ्यांची गरज आहे त्यांना देऊच. पण आधी हे विष बंद करू. आदेश नव्याने लिहा!"

खेळण्यांच्या आणि घराच्या रंगांत शिसं घालायला बंदी झाल्याची बातमी आली, तेव्हा भाऊंनी कारखान्यातच आनंदाने उडी मारली. तोवर छकुलीच्या रक्तातलं शिसंही उतरू लागलं होतं.

"पुढचं ऐक," ताई वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाली. "दोन वर्षांनी मुलांचं रक्त पुन्हा तपासणार आहेत."

"आता पुन्हा कशाला? जिंकलो ना आपण!"

"नियमाचा उपयोग झाला की नाही, हे तपासल्याशिवाय कसं कळणार?"

भाऊ क्षणभर विचारात पडले, मग मोठ्यांदा हसले. "खरंय. या वेळी बोलावणं यायची वाट बघणार नाही. छकुलीला घेऊन मीच जाईन!"

मित्रांनो, आरोग्याचं धोरण मंत्रालयातल्या टेबलावर लिहिलं जातं, पण त्याचा आधार तुमच्या-आमच्या घरांतून मिळतो. संशोधकाला खरं उत्तर द्यायचं, आणि त्याला जे आढळलं त्याचं काय केलं याचा जाब सरकारला विचारायचा, ही दोन्ही नागरिकाचीच कामं आहेत. ती आपण केली, तरच सरकार अंदाजाने नव्हे, पुराव्याने चालेल!