पाहुणं पाणी

आमचं मॉडेल दर एप्रिलला माझ्या गावावर पाऊस पाडायचं. पुण्याच्या एका संस्थेत कॉम्प्युटरवर हवामान चालवून बघणं हे माझं काम, आणि सिंदेवाहीजवळचं आमचं गाव नकाशातल्या एका चौकोनात. खरा एप्रिल तिथे नुसती भट्टी असते. चूक दूरची होती. मॉडेलमधला प्रशांत महासागर मधोमध खऱ्यापेक्षा थंड राहायचा. समुद्र चुकला की वारा चुकतो आणि ढग भलत्याच गावाला जातात. ती चूक दुरुस्त झाली की माझी नोकरी पक्की होणार होती.

मी फोनवर बाबांना चिडवलं, "आमचा कॉम्प्युटर तुमच्या तलावावर पानी पाडून राह्यला. छत्री घेऊन जाजा!"

बाबा साठ वर्षं त्या तलावात जाळं टाकताहेत. ते हसले नाहीत. "मंग बरोबरच हाये. पाहुनं पानी येते ना एप्रिलात."

ते मी विसरूनच गेले होते. आभाळात ढगाचा ठिपका नसताना एखाद्या सकाळी तलाव चढलेला असतो. आम्ही मासेमार ढिवर त्याला हळदकुंकू वाहतो, तीन दिवस जाळं टाकत नाही आणि किती चढलं ते कधीच मोजत नाही. पाहुण्याला कधी जाणार असं विचारत नाहीत, तसंच ते.

"यंदा मोजून पाहा ना, बाबा."

"पाहुन्याले कोनी मोजते का?"

मी हट्टी. आठ दिवस पिच्छा पुरवला. शेवटी लेकीपुढे हात टेकून त्यांनी पाण्यात खुंट रोवला आणि रोज सकाळी कळवू लागले. तेरा एप्रिलला चार बोटं. चौदाला सहा. पंधराला तेवढंच. मी मॉडेल उघडलं. पाऊस तेराला आणि चौदाला; पंधराला बंद. मला भीती वाटली, आणि मी ती कुणाला सांगितली नाही.

साहेबांना एवढंच विचारलं, "ही चूक नसलीच तर?"

"पर्जन्यमापकात शून्य आहे, जया. शून्य म्हणजे शून्य."

मी मान डोलावली. नोकरी प्यारी होती, दुसरं काय! त्या तलावानं माझं काय घोडं मारलं होतं? तरी वर्षभर खपून मी समुद्र दुरुस्त केला. मग मागची साठ वर्षंही आठवड्याभरात नव्या मॉडेलमधून पुन्हा चालवली. साठ एप्रिल, आणि आमच्या गावावर एकाही वर्षी एक थेंब नाही. ऑफिसात पेढे वाटले.

यंदा तेरा एप्रिलला दुपारी बाबांचा फोन आला.

"पाहुनं आलं नाई. अन् होतं तेबी उतरून राह्यलं. खुंट उघडा पडला. मासोऱ्या चिखलात तडफडून राह्यल्या."

"ऊन जास्त असन, बाबा."

"ऊन नाई वं. मी उठल्यापासून पानी पिऊन राह्यलो. अख्खा माठ पेलो. घशाखाली उतरते, पन तहान तशीच. हात माहे सुकटीवानी झाले." त्यांचा श्वास कोरड्या पाचोळ्यासारखा वाजत होता. "तूनं मोजाले लावलं तवाच मी भ्यालो होतो. आता काय केलं तूनं त्याले?"

साठ वर्षांचं पाणी मी एका आठवड्यात पुसलं होतं, आणि बाबा साठ वर्षं तेच पीत आले होते.

"बाबा, मी निघते," म्हणायचं होतं, पण जीभ टाळूला चिकटली. टेबलावरची बाटली मी एका दमात संपवली. मग शेजारच्या टेबलावरची. घसा तसाच कोरडा.

बारावीपर्यंत मीही त्याच तलावाचं पाणी प्याले होते.