परत येणारी बडबड

बुद्धविहाराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उन्नतीने लिहिलं होतं, "यशोधरा मॅडम वाचताना फार रॅम्बल करतात. या वर्षावासात ग्रंथवाचन दुसऱ्या कुणाला द्यावं." खाली सात-आठ अंगठे.

यशोधराबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. अंबरनाथ पश्चिमेच्या शाळेत त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं. ही उन्नतीही त्यांच्याच वर्गातली.

"रॅम्बल म्हणे! अगं, रॅम्बल म्हणजे वाट सोडून भटकत राहणं. मी विषय सोडते, पण परत येते. त्याला डायग्रेस म्हणतात."

"आज्जी, सेमच ना," नात अस्मिता मोबाइलवरून मान न उचलता म्हणाली. "बडबड ती बडबड."

"सेम कसं? रँट म्हणजे रागाने बोलत सुटणं. ड्रोन म्हणजे एमआयडीसीतल्या मोटारीसारखं एका सुरात घूंऽऽ. चॅटर म्हणजे तुम्ही मैत्रिणी करता ते!"

"बरं बाई. सभेत सांग."

वर्षावास सुरू होतो त्या आषाढी पौर्णिमेआधी विहारात सभा झाली. अस्मिताही सोबत आली. वाचनाचा मान यशोधराबाईंकडे सासूबाईंच्या काळापासूनचा. अध्यक्ष हरिचंद्र म्हणाले, "ताई, तुमचं म्हणणं मांडा."

त्या उभ्या राहिल्या. रॅम्बल आणि डायग्रेस यातला फरक सांगता सांगता सासूबाई भागीरथी आठवल्या. त्यांना अक्षर येत नव्हतं, म्हणून प्रत्येक वाक्याचा अर्थ सांगितल्याशिवाय पान उलटायचं नाही, असा रिवाज पडला. तेव्हा इथे पत्र्याची शेड होती. समोर बसलेली ही गयाबाई तेव्हा तान्ह्या पोराला मांडीवर घेऊन दाराशी बसायची. बदलापूर गावातून बैलगाडीने बाया यायच्या, आणि त्या गाडीचा बैल एकदा सरळ आत...

लोक हसले. यशोधराबाईही हसल्या. मग थांबल्या.

पुढे काय होतं? हे सगळं कशासाठी सांगायला घेतलं होतं? शब्द अगदी जिभेच्या टोकाशी होता. सगळे त्यांच्याकडे बघत होते. पंखा फिरत होता.

"मॅडम," उन्नती हळूच म्हणाली, "तुम्ही परत येण्याबद्दल सांगत होता."

"माहीत आहे मला!" त्यांचा आवाज एवढा चढला की गयाबाई दचकल्या. "वर्गात तुला एक वाक्य धड येत नव्हतं, आणि तू मला..."

हरिचंद्रांनी घसा खाकरला. "या वर्षी उन्नती वाचेल."

"आणि अर्थ कोण सांगंल?" गयाबाईंनी विचारलं. "आमाला नुसतं वाचलेलं कळत न्हाई."

"मॅडमच सांगतील ना," उन्नती म्हणाली. "मी विचारेन तेव्हा."

विचारेन तेव्हा! यशोधराबाईंच्या तोंडाशी खूप काही आलं, आणि त्यातलं काहीही बोलायची सोय उरली नव्हती.

"बरं," म्हणून त्या चपला शोधू लागल्या. घरी येईपर्यंत अस्मिता समजूत घालत होती. त्यांनी एकदाही हुंकार दिला नाही.