फोटोपुरता धनादेश

मित्रांनो, मी एक जुना धनादेश आहे, पण बँकेत चालणारा नाही. मी हातभर उंच आणि चांगला चार फूट लांब, पुठ्ठ्याचा, वरून चकचकीत. एका विमा कंपनीच्या जनसंपर्क खात्यानं मला फोटोसाठी करून घेतलं.

माझं काम सोपं होतं. अपघातात कुणी गेलं की माझ्यावर घरच्यांचं नाव लिहायचं, मला त्यांच्या हाती द्यायचं आणि फोटो निघाला की ओल्या फडक्यानं पुसायचं. किती नावं आली, किती नावं गेली. अंगावर ओरखडासुद्धा राहिला नाही. पेपरात झळकायचो, तेव्हा मीही फुगायचो.

मग एका कारखान्यात बॉयलर फुटला. आमची विमा कंपनी दाव्यासाठी लोकांना हेलपाटे घालायला लावते, असं पेपरात छापून आलं. मोठे साहेब जनसंपर्क अधिकाऱ्याला म्हणाले, "उद्या आपलाही फोटो आला पाहिजे." दाव्याची तपासणी अजून व्हायची होती. तरी त्या स्फोटात मेलेल्या फिटरच्या बायकोचं नाव माझ्यावर चढलं. घाईत अधिकाऱ्यानं खोक्यांवर लिहायचा पक्क्या शाईचा मार्कर उचलला होता.

एक टोक तिनं धरलं, दुसरं सासूनं. मधे मोठे साहेब हसत उभे राहिले.

"वहिनी, थोडं हसा," फोटोग्राफर म्हणाला.

"उभी आहे तेवढं पुरे," सासू म्हणाली.

फोटो निघाला. अधिकारी मला घेऊ लागला. "हा फोटोपुरता, आजी. खरा आठवड्यात घरी येईल."

"मग तोवर हा राहू दे आमच्याकडे. खरा आला की आणून देते."

त्यानं हलकेच तिची बोटं सोडवली.

महिन्यानं पत्र गेलं. फिटरनं अर्जात मधुमेह लपवला, म्हणून दावा नामंजूर. माणूस मेला बॉयलरनं. त्याची बायको पत्र आणि पेपरचं कात्रण घेऊन अधिकाऱ्याकडे आली.

"साहेब, यातलं खरं कोणतं?"

"फोटो आमच्या खात्याचा, ताई. पत्र दुसऱ्या खात्याचं."

ती गेल्यावर त्यानं मला फडक्यानं घासलं, मग साबणानं, मग स्पिरिटनं. नाव गेलं नाही. नवा धनादेश आला आणि मी कपाटामागे गेलो. समोरच्या भिंतीवर तोच फोटो चौकटीत हसतमुख साहेबांसह लटकतो. कंपनीच्या सगळ्या कागदांवरून ती पुसली गेली, माझ्यावर तेवढी राहिली.

मित्रांनो, ओलीनं माझे कोपरे सुटलेत. साफसफाईत सापडलो तर मला खुशाल मोडा, पण आधी हे नाव एकदा मोठ्यानं वाचा. आणि कुणाच्या हाती काही दिलंत, तर फोटो झाल्यावर त्याची बोटं सोडवू नका.