नजर ठरेपर्यंत

"गप रव्हायचं गो बाय. डोले उघडतायत. आता बोललीस तर नजर फिरल."

जनू आजाला जाऊन वर्षं लोटली, तरी हा आवाज समीक्षाच्या कानात तसाच होता. जोहे गावातल्या मूर्तींच्या कारखान्यात गणपतीची आखणी, म्हणजे डोळे रंगवायचं काम, आजाच करायचा. एकदा ती मध्येच बोलली, कुंचला हलला आणि देवाची नजर तिरळी झाली. आजा ओरडला नाही. नुसता मूर्तीकडे बघत बसला. तेव्हापासून काही उमलत असलं की बोलायचं नाही, हे तिच्या हाडात मुरलं.

पण शाळेत तर वाचतानाच सगळं उमलायचं! ओळींमागून माणसं उठायची, दारं उघडायची. ती विस्कटू नयेत म्हणून समीक्षा ओठ मिटून घ्यायची. तोवर मृणालीबाईंचा प्रश्न यायचा, त्यावर नितेशचं उत्तर आदळायचं, आणि बाई उसासा टाकून पुढे जायच्या.

काल बाई थेट कारखान्यात आल्या. आजाच्या पाटावर आता तिची आई, बायजाबाई, बसते.

"समीक्षा वाचते छान, पण..." बाई एवढं बोलल्या, तोच चारी बाजूंनी "श्शू!" झालं. आईचा कुंचला बुबुळावर होता. बाई दारातच थिजल्या.

डोळा पुरा करून आई म्हणाली, "कलत नसंल तर दिस कशाला फुकट घालवायचं, बाई? उद्या तपासनीच्या सायबांपुढं बोलली तर ठीक. नायतर दिवालीपासून हितंच बसंल. हात बरा हाय तिचा."

समीक्षाला कुंचला नको होता. तिला धडे हवे होते.

आज पेणहून शाळा तपासायला साहेब आले. धडा कोरा, कुणी न वाचलेला. त्यातले ज्यू जोसेफकाका गाव सोडून इस्रायलला जातात, आणि शेजारचा नाथा, काका लावायचे तसा, दर शुक्रवारी सांजेला त्यांच्या बंद घरात दिवा लावतो. समीक्षाने तो न अडखळता वाचला.

"का लावतो दिवा?" साहेबांनी विचारलं.

तिच्यापुढे नाथा नुकता कुठे कडी काढत होता. ओठ मिटले.

"अंधार असतो म्हणून!" नितेश ओरडला.

"ती मुकी मैना हाय, सर," मागून कुणी खुसखुसलं.

"हिला नाही येत. चला, पुढचा," साहेब म्हणाले.

समीक्षाला आईचे शब्द आठवले. दिवाळी. आजाचा पाट.

"थांबा, साहेब," मृणालीबाई म्हणाल्या. वर्गाकडे वळून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, अगदी कारखान्यात ठेवतात तसं.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. बाईंचं बोट हललं नाही. रस्त्याने एसटी खडखडत गेली, तिचा आवाजही विरला. तिकडे नाथाने काडी ओढली, वात धरली. खिडकी उजळली. तो उंबऱ्यावर जरा रेंगाळला, मग निघाला.

नजर ठरली.

"जोसेफकाका येनार नाय, नाथाला ठाव हाय," समीक्षा म्हणाली. "पन त्यांचं घर आंधलं दिसू नये, म्हनून लावतो."

साहेब काही बोलणार, तोच ती बाईंकडे वळली.

"मला समदं कलतं, बाई. पयल्यापासून कलतं. फकस्त डोले उघडस्तोवर बोलवत नाय."