चेहऱ्याची डावी बाजू

शाई साबणानं निघेल असं थेनला वाटलं होतं. ती निघाली नाही, आणि रविवारी मी अर्ध्या चेहऱ्यावर काळ्या रेघांचं जाळं घेऊन चर्चमध्ये बसले.

"सिस्टर आर्विला, अगं हे काय?" मागच्या बाकावरून म्हाताऱ्या सिस्टर टिंगीनं हळूच विचारलं. आमच्या पंथात सगळे एकमेकांना सिस्टर, ब्रदर म्हणतात.

"नवऱ्यानं ओढल्यात रेघा."

"पितोबितो की काय?"

"नाही हो. कॉम्प्युटर शिकतो."

"मग काही इलाज नाही," ती म्हणाली आणि भजनाचं पुस्तक उघडून बसली.

सॉल्ट लेक सिटीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत आमचं विद्यापीठ. सत्तरच्या दशकाची ती सुरुवात. तिथल्या तळघरात कपाटांएवढं एक यंत्र होतं, आणि माझा नवरा थेन आणि त्याचे सोबती त्या आंधळ्याला चित्र काढायला शिकवत होते. आंधळाच म्हणायचा. गाल म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं, सावली ठाऊक नव्हती, त्याला कळायचे ते फक्त आकडे. म्हणून आमच्या बायका गोधडीसाठी कापडाचे तुकडे पाडतात तसे थेननं माझ्या चेहऱ्याचे तुकडे पाडले. एक फोटो समोरून, एक बाजूनं. मग पट्टी घेऊन प्रत्येक तुकड्याचा कोपरान् कोपरा मोजला. मेहनत निम्मी व्हावी म्हणून मोजली ती फक्त उजवी बाजू. डावी यंत्रानंच करायची, आरशात धरल्यासारखी.

गुरुवारी वॉशिंग्टनहून माणसं येणार होती. तळघराचा खर्च त्यांच्याकडून यायचा. चेहरा पडद्यावर उमटला तर थेनला आणखी एक वर्ष मिळणार होतं. नाही उमटला तर सॅनपीटला सासऱ्यांच्या फार्मवर जाऊन टर्की पाळायच्या, हे ठरलेलं होतं. सासऱ्यांनी खुराडं वाढवायला घेतलंसुद्धा होतं.

सोमवारी दुपारी यंत्रावर थेनची पाळी लागली, आणि मीही बघायला गेले. त्याच्या शेजारच्या टेबलावर सॉल बसायचा. तो न्यूयॉर्कचा, आमच्या धर्माचा नाही. आम्हाला कॉफी वर्ज्य, म्हणून आमच्यासमोर मुद्दाम फुर्र फुर्र करत प्यायचा. पडद्यावर वरून खाली एकेक ओळ उतरू लागली. कपाळ आलं, भुवई आली, अर्धं नाक आलं. आणि डाव्या अंगाला नुसती खोल वाटी. डोक्याची मागची बाजू आतून दिसत होती.

"ब्रदर थेन, बायको अर्धी पोकळ निघाली रे तुझी," सॉल म्हणाला.

"तू गप कॉफी पी."

थेन कागदांत बुडाला, आणि मग स्वतःशीच हसला. तुकड्याचे कोपरे कोणत्या दिशेनं फिरत मोजलेत, यावरून यंत्र ओळखायचं की त्याचं तोंड बाहेर आहे की आत. आतल्या तोंडाचे तुकडे ते काढतच नसे. आरशात बाजू उलटली तशी मोजायची दिशाही उलटली होती, आणि माझा सगळा डावा गाल यंत्राच्या हिशेबी आत तोंड करून बसला होता. थेननं ती दिशा फिरवली. चेहरा भरला.

मग त्यानं आपला नवा प्रोग्राम चालवला. तोवर चेहरा पैलू पाडलेल्या दगडासारखा दिसत होता. प्रोग्रामनं एका कोपऱ्यावरचा उजेड दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत हलके हलके पसरवला, आणि कडा विरघळल्या. जात्यातून पीठ झरावं तसा उजेड कपाळावरून गालावर, गालावरून हनुवटीवर उतरत गेला. आकड्यांतून कातडी उगवताना मी पाहिली. सॉलची कॉफी निवून गेली.

"सुंदर आहे," थेनचे प्रोफेसर लुंडक्विस्ट मागून म्हणाले. "गुरुवारी हेच दाखवू."

थेननं पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे.

"ही आर्विला नाही," तो म्हणाला.

माझ्या ओठाचा डावा कोपरा जरा वर चढलेला आहे. लहानपणापासून मी फोटोत मान वळवून तो लपवत आले. पडद्यावरच्या बाईला तो चढ नव्हता. दोन्हीकडून सारखी, नितळ, एखाद्या दुकानातल्या बाहुलीसारखी होती ती.

"कुणाला कळणार आहे?" प्रोफेसर म्हणाले.

"मला कळेल, सर."

"गुरुवारपर्यंत झालं नाही तर? हातचं आहे तेही जाईल."

थेन माझ्याकडे वळला. टर्की माझ्याही नशिबात होत्या, म्हणून असेल. मी हातातली पर्स टेबलावर ठेवली, खुर्ची ओढली आणि डावा गाल त्याच्यापुढे केला.

"ओढ रेघा," मी म्हटलं. "आणि कोपरा झाकू नकोस."

सॉलनं पेन्सिल उचलली. "आकडे तू सांग, मी लिहितो," तो थेनला म्हणाला. "आणि सिस्टर, तुम्ही हलू नका. हसू तर मुळीच नका."

गुरुवारी पाहुणे आले तेव्हा नवे आकडे यंत्रात जेमतेम भरून झाले होते. एकदाही चालवून पाहिलेले नव्हते. मी लिंबाच्या वड्यांचं ताट घेऊन दाराशी उभी होते, काळ्या रेघांवर पावडर थापून. दिवे मालवले. ओळी उतरू लागल्या. कपाळ, डोळे, नाक. थेनचे हात पाठीमागे एकमेकांत गुंतले होते. मग ओठ आले, आणि डावा कोपरा अलगद वर चढला.

चष्मेवाला पाहुणा खुर्चीत पुढे सरकला. बराच वेळ बघत राहिला.

"ही बाई काहीतरी बोलायच्या बेतात आहे," तो म्हणाला. "काय म्हणायचंय हिला?"

प्रोफेसरांनी थेनकडे पाहिलं. थेननं माझ्याकडे पाहिलं.

"त्याला अजून एक वर्ष द्या, असं म्हणायचंय," मी दारातून म्हणाले.

सगळी माणसं वळली. पाहुण्यानं मला पाहिलं, मग पडद्याला पाहिलं, आणि तिथेच त्याची नजर ठरली. माझ्यापेक्षा तिच्याकडे तो जास्त वेळ बघत होता. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

"एक वर्ष पुरेल का पण?" त्यानं विचारलं. "हिच्या डोक्यावरचे केस अजून बाकी आहेत."